आम्ही का हसलो, ते आम्हाला विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला तो मोठा लेख काल वाचला. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आज दुकानाचे शटर वर करायच्या आधी हे पत्र लिहायला बसले आहे. लेखकांचा अभ्यास आहे, भाषाही चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण देवाला कोर्टात खेचणाऱ्या सिनेमाला टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच देवाच्या रांगेत उभे राहायचे, हा श्रद्धाळू माणसाचा दुटप्पीपणा आहे, हे त्यांचे म्हणणे मला लागले. अशा प्रेक्षकाला सिनेमा कळलेला नसतो, असेही त्यांनी पुढे लिहिले आहे. मी त्या प्रेक्षकांतली आहे. मला तो कळला होता, आणि माझ्या सासूबाईंना माझ्याहून जास्त कळला होता.

आमचे पूजासाहित्याचे दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. गाव पालखीच्या वाटेवर आहे. बुक्का, अष्टगंध, टाळ, तुळशीच्या माळा, कापूर, वाती असा सगळा माल आम्ही ठेवतो. म्हणजे ज्या धंद्यावर हे सिनेमे बोट ठेवतात, त्यातच आमचा संसार झाला. तरीही २०१२ साली 'ओह माय गॉड' लागला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, चला बघून येऊ. पितृपंधरवडा होता, त्या दिवसांत आमच्या दुकानाला मंदीच असते. आम्ही तिघे एसटीने साताऱ्याला गेलो. त्यांना एकाहत्तरावे चालू होते. नऊवारी, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू.

पडद्यावर श्रीकृष्ण मोटारसायकलवरून आला तेव्हा त्यांनी हात जोडले. देवावर खटला भरणारा कांजीभाई कोर्टात महाराज लोकांची फिरकी घेऊ लागला तेव्हा तोंडाला पदर लावून हसल्या, इतक्या की पुढच्या रांगेतल्या मुलाने वळून पाहिले. पण पिंडीवर ओतलेले दूध गटारात जाते ही गोष्ट निघाली आणि त्यांचे हसू थांबले. परत येताना एसटीत खिडकीशी बसून होत्या. लोणंदच्या अलीकडे कुठेतरी म्हणाल्या, "दुधाचं त्यो बरोबर बोलला. पण एक पळी तर लागंलच." पुढच्या श्रावणापासून दर सोमवारी त्यांनी एक पळी दूध पिंडीवर घातले आणि उरलेला तांब्या पलीकडच्या वाड्यातल्या बाळंतिणीला नेऊन दिला. ती बाळंतीण उठली, मग दुसरे कोणी. त्या गेल्यावर मीही तेच करते.

आपल्या लेखकांना ही एक पळी अर्धवटपणाची वाटेल. पळी सोडली नाही म्हणजे सिनेमा समजला नाही, असा त्यांचा हिशेब दिसतो. एवढ्या वयाच्या बाईने एका दुपारच्या सिनेमाने आपली पन्नास वर्षांची रीत बदलली. हे त्यांनी कधी केले आहे का?

आता जे खरे सांगायचे आहे ते सांगते. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही एका मोठ्या देवस्थानाला गेलो होतो. नाव लिहीत नाही. गुडघे दुखत असताना सासूबाई साडेपाच तास रांगेत उभ्या होत्या. मध्येच एक माणूस बाजूला येऊन म्हणाला, माणशी पाचशे द्या, दहा मिनिटांत आत सोडतो. माझे यजमान खिशात हात घालत होते, तर त्यांनी तो हात धरला. "इतकी वर्सं फुकट भेटलाय, आता इकत नको," म्हणाल्या.

गाभाऱ्यात पोचलो. त्या पायांवर डोके टेकवायला वाकल्या, तेवढ्यात तिथल्या सेवेकऱ्याने मानेवर हात ठेवून त्यांना पुढे ढकलले. गळ्यातली माळ त्याच्या बोटांत अडकून तुटली. मणी फरशीवर सांडले, लोकांच्या पायांखाली गेले. त्या खाली बसून गोळा करू लागल्या तर वरून "चला, चला, पुढं चला" चालूच. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणले. पदराच्या ओच्यात अकरा मणी राहिले होते. माळकरी माणूस गळ्यात माळ नसताना पाणीही घेत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्या टपरीवर माळ घेऊ म्हटले तर नको म्हणाल्या, घरचीच घालीन. रात्री पावणेदहाला घरी पोचलो. मी दुकान उघडले, नवे सत्त्याण्णव मणी काढले, ते अकरा त्यांत ओवले. माळ गळ्यात पडल्यावर त्यांनी पहिला घोट घेतला. तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

पुढे डिसेंबर २०१४ मध्ये 'पीके' आला. संक्रांतीनंतर आम्ही तोही पाहिला. त्यात तो परग्रहावरचा माणूस देवांच्या फोटोखाली 'लापता' लिहिलेले कागद वाटत फिरतो. थिएटर हसत होते. सासूबाई गळ्यातल्या माळेवरून बोट फिरवत होत्या. मी हळूच विचारले, बरे वाटत नाही का? तर म्हणाल्या, "मला बी त्यो तिथं गावला नव्हता."

लेखक महोदयांनी हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. हा दुटप्पीपणा आहे का? जी बाई रांगेत साडेपाच तास उभी राहिली, जिची माळ तुटली, तिला तो सिनेमा आपला वाटला. जो रांगेत उभाच राहत नाही त्याला त्यात गंमत वाटेल, विचार वाटेल. धक्का बसलेल्या माणसाला आपल्या वतीने कोणीतरी बोलले, असे वाटते. म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळात गेलो, कारण माळ देवाने तोडली नव्हती.

सगळेच आवडले असेही नाही. शंकराचे सोंग घेतलेल्या नटाचा पाठलाग होतो, ते मला तेव्हा आवडले नाही, आजही आवडत नाही. सासूबाईंनी तेवढा वेळ मान खाली घातली होती. पण आम्ही उठून आलो नाही. घरातल्या माणसाचे चार शब्द पटतात, एक लागतो, म्हणून कोणी ताटावरून उठत नाही. उलट घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सांगितले की धनलाभ यंत्रांचा आणि त्या नजरेच्या कवचांचा खोका परत पाठवा. त्यात नफा बरा सुटत होता, व्यापाऱ्याने वाहतूकही आमच्याच अंगावर टाकली. यजमान दोन दिवस घुश्शात होते. खोका गेला आणि पुन्हा आला नाही.

लेखकांनी लिहिले आहे की देवाला प्रश्न विचारणे ही आपल्याकडे अलीकडची, शहरी गोष्ट आहे. हे वाचून मात्र राग आला. मराठी वर्तमानपत्रात हे छापून यावे? नामदेवांनी देवाच्या दारात उभे राहून त्याला सुनावले की पतितपावन म्हणून तुझे नाव ऐकून आलो होतो, तू तसा दिसत नाहीस, मी चाललो. जनाबाई त्याला विठ्या म्हणून शिव्या देते. तुकोबांनी तर एका अभंगात माझ्यापुरता देव मेला असे म्हणून टाकले. आणि हे म्हणणाऱ्यांच्याच पालख्या आम्ही खांद्यावर घेतो. विठोबाशी भांडणे हा आमच्याकडे भक्तीचाच भाग आहे.

सिनेमाचेच म्हणाल, तर प्रभातचा 'संत तुकाराम' आठवा, १९३६ सालचा. सासूबाईंनी तो लहानपणी जत्रेत तंबूत पाहिला होता. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की बायका हात जोडायच्या, असे त्या सांगत. त्याच सिनेमात पोर आजारी पडल्यावर तुकोबांची बायको हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते, विठ्ठलाला जाब विचारायला. तंबूतल्या बायकांना तो प्रसंग सगळ्यात जास्त आवडला होता, कारण आजारी पोर प्रत्येकीने पाहिले होते. शेवटी विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात, तेव्हा त्याच बायका रडल्या. चमत्कारही हवा आणि वहाणही हवी. सासूबाई नऊ-दहा वर्षांच्या होत्या, तरी त्यांना यात काही विसंगत वाटले नव्हते.

'पीके'च्या वेळी अहमदाबादला थिएटरची तोडफोड झाली. त्याआधी पोस्टरवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ज्याला आवडत नसेल त्याने पाहू नये, असे न्यायालयाने सांगितलेच होते. 'ओह माय गॉड'चा दुसरा भाग २०२३ मध्ये आला, तेव्हा सेन्सॉरने अक्षय कुमारला शंकराऐवजी शंकराचा दूत करायला लावले. तोडफोड करणारे, कात्री चालवणारे आणि आपले लेखक यांचे एका गोष्टीवर एकमत दिसते. भाविकाची श्रद्धा म्हणजे काचेचे भांडे, सिनेमाचा धक्का लागला की फुटणार, असे तिघांनाही वाटते. तिघांपैकी एकानेही सासूबाईंसारख्या बाईला विचारलेले नाही.

'पीके' आला त्याच वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरपुरात बडवे आणि उत्पात या वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांचे हक्क संपले. ही बातमी सासूबाईंनी मला दोनदा वाचायला लावली होती. देव आणि भक्त यांच्यामध्ये कोण उभे आहे, हे त्यांना सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आपल्या लेखात पंढरपूरचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. आपल्या दैनिकातल्या दिनविशेषात एकादशी छापता ती स्मार्त असते. वारकरी भागवत एकादशी धरतात. ज्या महिन्यात दोन्ही वेगवेगळ्या दिवशी येतात, त्या महिन्यात आपला अंक हातात घेऊन माणसे माझ्या दुकानात येतात आणि तुम्हीच चुकीचे सांगता म्हणून माझ्याशी वाद घालतात. मागच्या वेळी एका म्हाताऱ्या बाईंनी पेपर पाहून आदल्या दिवशी उपास केला आणि खऱ्या एकादशीला सकाळी चहाबरोबर चपाती खाऊन बसल्या. दुपारी दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. याबद्दल मी आपल्या कार्यालयात दोनदा फोन केला, कळवतो म्हणाले. दोन्ही तिथी छापायला एक ओळ लागते. ती द्यावी.

कळावे,
एक माळकरी वाचक, जि. सातारा
(नाव छापू नये)