स्वेटर उसवू नकोस, आई

कोल्हापूर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, बाबांच्या स्वेटरची पाठ उसवणार म्हणालीस, तेव्हापासून जिवाला चैन नाही. कृपा करून उसवू नकोस. बाबांनी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. काठाजवळ सुलटाच्या जागी काही टाके उलट पडलेत आणि निळ्या पट्टीत मध्येच पांढरे टाके आलेत. दोन्ही चुका सुईने वरून झाकता येतात. उशांच्या अभ्र्यांवर इतकं सुंदर भरतकाम केलेला हात आहे तुझा!

महाद्वार रोडवरून तीच निळी आणि पांढरी लोकर आणलीय. जाडी मुद्दाम जुळवून घेतली, कारण बारीक लोकरीखालून चूक डोकावते. सोबत बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई आहे. टोकदार सुई लोकर चिरत जाते.

सुलट टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो ना, त्याच्या खालच्या टोकातून सुई मागून वर काढ. वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून आडवी ने आणि पुन्हा त्याच खालच्या भोकात घाल. झाला टाक्यावर टाका. ओढू मात्र नकोस, खालच्या टाक्याइतकाच सैल ठेव. उलट टाक्याचा उंचवटाही असाच झाकला जातो.

गळ्यापाशी टाका सुटलाय, तिथे भरतकामाची घाई नको. आधी तो क्रोशाच्या सुईने वर उचल किंवा मागून लोकरीने बांधून टाक, नाहीतर फुलाखालीही तो उसवतच जाईल. मग त्यावर साखळी टाक्याची वेल काढ. धावदोरा नको, स्वेटर डोक्यातून घालताना ताणतो, धावदोरा ताणत नाही. साखळी थोडी ताणते. गाठीचा टाका घालशील तर सुई वर आली त्याच भोकात परत घालू नकोस, गाठ मागे निसटते. एक धागा सोडून घाल.

बाबा, वेल आवडणार नसेल तर आधीच सांगा, म्हणजे आई गळ्यालाही निळ्या लोकरीचा साधा साखळीचा काठच घालेल. मला स्वतःला वेलच हवी आहे. तुमच्यासाठी तिने काढलेली, अंगावर दिसणारी.

सुईत लोकर तुम्ही ओवून द्या. टोक सुईवर दुमडून चिमटीत धरा आणि ती घडीच नेढ्यात घाला. आईने दिवसाउजेडीच बसावं, रात्री दिव्याखाली अजिबात नाही.

पुढच्या रविवारी मी गडहिंग्लजला येतेय. तोवर गळा राहिला तरी चालेल.

तुमची,
ताई