बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या शाईवाल्या भाऊंस

भाऊ,

स. न. वि. वि.

नाव छापू नका म्हणालात, नाहीतर "लोक बंद पडलेले सीपीयू उचलून दारात येतील आणि माझी कार्ट्रिजं भरायची तशीच राहतील." म्हणून नाव घालत नाही. पण पत्र मात्र उघडच लिहितेय. ज्यांनी ते वाचायला हवं त्यांतले काही तुमच्यापासून फार लांब बसत नाहीत.

झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा, संपला. आमचा संगणक सातव्या पिढीच्या इंटेलचा आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे धडधाकट यंत्र एका तारखेनंतर भंगार. दिवाळीला पुण्याहून भाचा आला तो म्हणाला, "मावशी, फेकायचं काही कारण नाही, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, फुकट असतं." एका दुकानातून नवी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून आणली, त्याने तीवर लिनक्स मिंट चढवलं, आणि यंत्र तरुणासारखं पळायला लागलं. फक्त दुसरी हार्ड डिस्क, माझी जुनी १ टीबीची, नाहीशी झाली. भाच्याने काळ्या खिडकीत 'एलएसबीएलके' ही जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा टाइप केली, त्यात एकटी नवी एसएसडी दिसली. पुढे त्याची रजा संपली.

त्या डिस्कवर काय होतं हे तुम्हाला सांगितलं होतं, पण तेव्हा माझा आवाज धड नव्हता, म्हणून पुन्हा सांगते. बडोद्यातल्या मराठी बायकांची गाणी. जात्यावरच्या ओव्या, डोहाळे, आणि सगळ्यांत जास्त भोंडला. दांडिया बाजारातल्या वाड्यांत संध्याकाळी पाटावर हत्ती काढून फेर धरायचा, खिरापत ओळखायची, आणि तीच पोरं रात्री चनियाचोळी घालून गरब्याला पळायची. त्यामुळे इथल्या गाण्यांत गुजराती शब्द कधी घुसले ते गाणाऱ्यांनाही कळलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रेकॉर्डर घेऊन या बायकांच्या घरी जायला लागले. त्यांतल्या कितीतरी आता नाहीत. आवाज दाबायचा नाही म्हणून वेव्ह फाइलीच ठेवल्या, मिनिटाला दहा एमबी तरी खातात त्या. म्हणून तर वेगळी डिस्क.

आता दुकानांचं. एकाने सीपीयू उघडलासुद्धा नाही. "लिनक्स आहे? मग आम्ही हात लावत नाही." जणू घरात कोणाला देवी आल्या होत्या. दुसऱ्याने डिस्क काढून कानाशी धरली, डोकं हलवलं, "बेन, आ तो गई," आणि आत हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, गेलंय, अहमदाबादला पाठवावी लागेल, वीस-पंचवीस हजार धरून चला, असं सांगून वर बॅकअप या विषयावर प्रवचन दिलं. तिसरा सगळ्यांत धीट. "लिनक्समुळेच गेली. विंडोज टाकून देतो, फॉरमॅट मारतो, लगेच दिसेल." लगेच दिसेल! कोरी दिसेल, हे सांगायचं राहिलं. आणि ज्या दुकानात एसएसडी बसवली होती तिथला म्हणाला, आम्ही फक्त एसएसडी बसवली, बाकीचं आम्हाला माहीत नाही.

तुमच्याकडे मी खरं तर प्रिंटरच्या काळ्या शाईसाठी आले होते. चेहऱ्यावर दिसलं असणार काहीतरी, कारण तुम्हीच विचारलंत. दुसऱ्या दिवशी सीपीयू रिक्षात घालून आणला. काउंटरवर ठेवला, तुम्ही पेचकस शोधत होतात, सापडला, आणि तो हातात घेऊन तुम्ही थांबलात. "काकू, यात आहे काय?"

इतक्या दुकानांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. लुगडं फाडण्याआधी शिंपीसुद्धा विचारतो की कोणाचं आहे. मी सांगायला लागले आणि तुम्ही पेचकस खाली ठेवून ऐकलंत. तुमच्या आजीही फेर धरायच्या म्हणालात, कारेलीबागेत. मग तुम्ही तो कागदी टेप घेतलात, ज्यावर कार्ट्रिजचे रंग लिहिता तोच, एक पट्टी फाडलीत आणि बॉलपेनने लिहिलंत: 'बायकांची गाणी. फॉरमॅट करू नये.' डिस्कवर ती चिकटवलीत. क्षणभर बघितलंत आणि आणखी एक पट्टी फाडून तेच खाली गुजरातीत लिहिलंत. मी का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "संध्याकाळी मुलगा बसतो दुकानात. त्याला मराठी वाचता येत नाही."

भाऊ, डिस्क सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला, पण रडू आलं ते या दुसऱ्या पट्टीला. ते तुम्हाला दिसलं नाही, मी शाईच्या बाटल्यांकडे तोंड करून उभी होते.

माणूस सज्जन आहे की नुसता गोड बोलतो, हे ओळखायची माझी एक जुनी रीत आहे: आपण समोर नसताना आपल्या वस्तूचं काय होईल याचा तो विचार करतो का, हे बघते. आमच्या शाळेत एक कारकून होते. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी जुन्या विद्यार्थ्यांची न नेलेली प्रमाणपत्रं ते प्लॅस्टिकात बांधून वरच्या फळीवर ठेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे नव्हते, ती मुलं परत येतील याचीही खात्री नव्हती. वर्षांनी एखादा बाप्या परदेशातून यायचा आणि त्याचा कागद कोरडा मिळायचा. त्यांचा सत्कार कधी झाला नाही. हुशार माणसं या गावात पोत्याने आहेत, आमच्या विद्यापीठातून दर वर्षी निघतात. पण असा दुसरी पट्टी लिहिणारा शोधायला मला शाई संपावी लागली.

बाकी तुम्ही जे केलंत त्यातलं मला समजलं तेवढं सांगते, कोणाच्या उपयोगी पडेल. तुम्ही लिनक्स सुरूच केलं नाही. आधी बायोस उघडलंत, म्हणजे लिनक्स-विंडोजच्या आधी बोर्डवर चालू होतो तो प्रोग्रॅम, तिथेही डिस्क नव्हती. "बायोसलाच दिसत नाही तर लिनक्स बिचारं काय करेल," हे तुमचं वाक्य मी भाच्याला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं, तो उडालाच. मग मला डिस्कवर हात ठेवायला सांगितलंत. फिरत होती, म्हणजे वीज पोचत होती. मग मोबाइलवर मदरबोर्डची पुस्तिका उतरवून वाचत बसलात. चांगला वेळ बसलात. मधे दोन गिऱ्हाइकं झेरॉक्स आहे का विचारून गेली. आणि त्यात ते होतं, बारीक अक्षरात: एम.डॉट.टू खाचेत (बोर्डवरच एसएसडी खोचायची जागा) साटा जातीची एसएसडी बसवली की बोर्डवरचा एक साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लावायची जागा, बंद होतो. नेमकी त्याच पोर्टला माझी डिस्क. ज्याने एसएसडी बसवली त्याने तो पोर्ट बंद केला आणि झाकण लावून दिलं. तुम्ही केबल शेजारच्या पोर्टला लावलीत, आणि तीही नवी, कारण जुनीची खटकी तुटलेली.

ज्या गावात सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं मोफत शिक्षण राज्यभर नेलं आणि १९१० साली सेंट्रल लायब्ररी उभी केली, तिथे संगणकाच्या धंद्यात बसलेल्या एकाही माणसाला पुस्तिकेचं एक पान उघडावंसं वाटू नये? शेवटी ते पान वाचलं शाईवाल्याने.

डिस्क दिसली तरी ती फक्त वाचण्यापुरती उघडत होती. मी घाबरले. तुम्ही समजावलंत की विंडोज बंद करताना ते पुरतं बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतं, आणि तसा सोडलेला एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने आखलेला, भाग लिनक्स लिहिण्यासाठी उघडत नाही. जबरदस्तीने उघडायची सोय आहे, पण तुम्ही ती वापरली नाहीत. "वाचायला मिळतेय ना? आत्ता तेवढंच बरं. आधी प्रत." आणि प्रत पुरी होईपर्यंत सीपीयू घरी नेऊ दिला नाहीत, रात्रभर दुकानात चालू ठेवलात. नंतर डिस्क दर वेळी आपोआप जोडली जावी म्हणून 'एफएसटॅब' या लिनक्सच्या यादीत तिचा यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहिलात, कारण लिनक्स डिस्कांना देतं ती 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं बदलू शकतात, हा तिचा क्रमांक बदलत नाही. शेजारी 'नोफेल' असा शब्द घातलात, म्हणजे उद्या डिस्क नसली तरी संगणक अडून बसणार नाही. हे मी वहीत लिहून ठेवलंय. भाच्याने फोटो मागवला.

घरी आल्यावर पहिली फाइल लावली ती वाडीतल्या एका आजींची. गाणं मधेच थांबवून त्या सुनेला ओरडतात, "अगं, दूध बघ!" आणि पुढच्या ओळीवर जातात. मी ते दूध तीन-चारदा उतू जाऊ दिलं.

त्या दोन पट्ट्या मी काढलेल्या नाहीत. सीपीयूचं झाकण लावताना भाचा म्हणेल उष्णतेने गोंद वितळतो, म्हणू दे.

आता हिशेबाचं. तुम्ही फक्त केबलचे पैसे घेतलेत आणि बाकीचं विचारलं तर हात झटकलात. हे मला मान्य नाही. पुढच्या आठवड्यात प्रिंटर घेऊन येतेय, काळी आणि तिन्ही रंग भरायचे आहेत. त्या बिलात रात्रभराची वीज आणि तुमची मजुरी धरून लिहा, नाहीतर मी कार्ट्रिजं समोरच्याकडे भरून घेईन. शिवाय त्या मुलाला सांगा की त्याच्यासाठी लीलो चिवडा आणतेय, आणि तुमच्या आजींच्या काही ओळी आठवत असतील तर त्याच दिवशी रेकॉर्डर घेऊन येते, वेळ ठेवा.

आपली,
दांडिया बाजारातली निवृत्त शिक्षिका