स्टेशनावरच्या काकांचे आणि त्यांच्या पोराचे आभार

कतारच्या व्हिसासाठी मुंबईत मेडिकल होती. बारा वर्षं लूमवर सुताची धूळ खाल्लेली छाती एक्स-रेत कशी दिसेल, याचीच धास्ती. सोलापूर स्टेशनात सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघताना शेजारच्या काकांनी विचारलं, "मूळ पासपोर्ट घेतलास का रे?" ते मस्कतला राहून आलेले.

माझ्याकडे नुसती झेरॉक्स! त्यांच्या पोरानं मोटारसायकलवरून अशोक चौकात घरी नेलं, गाडी सुटायच्या आत परत आणलं. वर काकांचा सल्ला: गळ्यातला ताईत एक्स-रेआधी काढ, जुन्या आजाराचे कागद असतील तर जवळ ठेव. (ताईत मी खरंच विसरलो असतो.)

रिपोर्ट 'फिट' आला. गडबडीत तुमचं नावही विचारलं नाही, काका. पोराच्या पेट्रोलचे पैसेही राहिलेत.