मला माणसं झाडांसारखी दिसत होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेत्रदान पंधरवड्याच्या निमित्तानं आपण रोज काही ना काही छापत आहात, त्याबद्दल आधी आभार. त्याच पानावर गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र होतं. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून घेणं, ती सुटली की माणसाला स्वच्छ दिसायला लागतं, असा त्यांचा मुद्दा. पत्र कळकळीचं होतं. देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीबद्दल त्यांनी लिहिलेला शब्द न् शब्द मला पटला. पण मी ख्रिस्ती आहे, आणि जून महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. या दोन्ही गोष्टींमुळे मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

मोतीबिंदू वाढत असतो तेव्हा आपल्याला कमी दिसतंय हे कळतच नाही. बल्ब जुना झाला असेल, छपाई फिकी आली असेल, असंच वाटत राहतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी उपासनेला गेले. प्रभुभोजनाचा रविवार होता, मेजावर पांढरी चादर अंथरलेली. सहज एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. डाव्या डोळ्याला चादर पांढरीशुभ्र, आणि उजव्या डोळ्याला तीच चादर चहाच्या पाण्यातून काढल्यासारखी पिवळट. कित्येक वर्षं मी ती पिवळट चादर बघत होते आणि तिलाच पांढरी म्हणत होते.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. आमच्याकडे अकरा वर्षं एक बाई धुण्याभांड्याला येतात. त्या दिवशी त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि मला त्यांची बोटं दिसली. पेरापेरांवर भेगा, नखांच्या कडा सोलवटलेल्या, अंगठ्याजवळ एक चीर ओली. विचारलं तर म्हणाल्या, "पावडरीनं होतंय बाई. पाणी लागलं की आग होती." कधीपासून? "लई वर्सं झाली." हात संथ चालतो म्हणून मी त्यांना किती वेळा बोलले असेन! ते सगळं त्या क्षणी आठवलं. खरं सांगायचं तर हा दोष मोतीबिंदूचा नव्हता. माझी नजर चांगली होती तेव्हाही ते हात माझ्यासमोरच होते.

बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा गावातल्या एका आंधळ्याची गोष्ट आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस वर बघून म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालताना. मग येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं. दोन टप्प्यांत बरं केल्याची शुभवर्तमानांतली ही एकच गोष्ट. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत ऐकताना वाटायचं, येशूला दोनदा का हात ठेवावा लागला? आता वाटतं, मार्कनं ती नेमक्या जागी ठेवली आहे. तिच्या थोडं आधी येशू शिष्यांनाच विचारतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय? आणि लगेच पुढे त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, आपण ख्रिस्त, म्हणजे देवानं पाठवलेले तारणारे, आहात. उत्तर बरोबर. पण त्या ख्रिस्ताला दुःख सोसावं लागेल, मरावं लागेल, हे ऐकताच तोच पेत्र त्याला दटावायला जातो. पेत्राला पहिला स्पर्श झाला होता, दुसरा व्हायचा होता.

म्हणून त्या वाचकांना माझं नम्रपणे सांगणं आहे, की श्रद्धेनं डोळे मिटत नाहीत. अडचण आहे ती अर्ध्या उघडलेल्या डोळ्यांची. त्या डोळ्यांना देव दिसल्यासारखा वाटतो, आणि माणसं मात्र झाडंच राहतात.

आमच्या नगरला हे कुणी शिकवायला नको. इथं राहिलेल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली बरीच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि परत आल्यावरही सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालूच होता. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, माणसामाणसांतल्या या जाती देवानं केल्या की माणसांनी? उत्तर माणसांनी असं आलं, आणि त्यांचं सोवळं तिथंच संपलं. धर्मांतराच्या आधी त्यांना माणूस दिसला. मला त्यांच्या आत्मचरित्रातली ही जागा फार मोलाची वाटते.

आणि आज आमच्यात काय चालतं? चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांत मुलीचं स्थळ बघताना हळूच विचारतात, "मूळचे कोण हो ते?" मीही हा प्रश्न ऐकून गप्प बसले आहे. कुसळ आणि मुसळ हे शब्द मराठी बायबलात आहेत आणि आपल्या म्हणीतही आहेत. इतकी ओळखीची गोष्ट आपण दुसऱ्यालाच ऐकवतो.

एक गोष्ट मात्र जपून बोलायला हवी. आंधळेपणा म्हणजे अज्ञान, पाप, असं बोलायची आपल्याला सवय आहे, पण ज्यांना खरंच दिसत नाही त्यांच्यावर तो अन्याय आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. मागच्या जन्मीचे भोग म्हणून हात झटकणाऱ्या आपल्या समाजात हे उत्तर अजून पुरतं पोचलेलं नाही. ज्यांना ते पोचलं त्यांनी काम केलं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध बायका-मुलींना ब्रेल शिकवलं जाई. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरला ती आज कमला मेहता यांच्या नावानं चालते. आमच्या चर्चच्या मंडळीतही जन्मापासून अंध असलेल्या एक भगिनी आहेत. दारातून कोण आलं हे त्या पावलांवरून ओळखतात, आणि कुणाचा आवाज आज उतरलेला आहे हेही आधी त्यांनाच कळतं. माझे दोन डोळे आणि चष्मा असून मला ते कधी जमलं नाही.

शेवटी नेत्रदानाबद्दल. आमच्यातले एक वृद्ध गृहस्थ मला अगदी मनापासून म्हणाले, "बाई, पुनरुत्थानाच्या दिवशी डोळ्यांशिवाय उठायचं कसं?" मी म्हटलं, ज्यानं मातीतून माणूस केला त्याला दोन बुबुळं जड आहेत का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग फॉर्म कुठं मिळतो ते विचारलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना नेत्रदान करता येत नाही, असाही पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. भिंग बदललेलं असलं तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा कामाचा असतो. हे आपण एकदा ठळक छापावं, ही विनंती.

मी फॉर्म भरला आहे. मुलाला आणि सुनेला कागदावर लिहून दिलंय: खोलीतला पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, सहा तासांच्या आत डोळे काढले गेले पाहिजेत म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन लावा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर