सेन्सेई, हे पत्र लेक तुम्हाला वाचून दाखवेल

आदरणीय सेन्सेई,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माहीत असूनही मराठीतच लिहितेय. शनिवारी लेक तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा एकेक वाक्य जपानीत सांगत वाचून दाखवेल. जपानमध्ये मुलं वाढवणाऱ्या इतर मराठी आईबाबांनाही वाचता यावं म्हणून पत्र उघडं ठेवलंय; त्यांच्यासाठी सांगते, सेन्सेई म्हणजे शिक्षिका, लेकीची आधीची छोटी शाळा चालवणाऱ्या.

२०१९ चा एप्रिल. टोक्योतल्या निशिकासाईत आम्ही सगळे खुशीत होतो, कारण त्याच महिन्यात पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. त्याच महिन्यात आमची लेक पाठीवर तिच्याहून मोठं वाटणारं लाल रान्दोसेरू दप्तर घेऊन जवळच्या सरकारी शाळेत पहिलीला गेली. दिवाळीपर्यंत तिचं बोलणं बंद झालं. आधी शाळेत, मग खाली बागेत, मग घरीसुद्धा. दुपारी सगळा वर्ग एकसारखं क्यूशोकु, म्हणजे शाळेतलं जेवण, जेवायचा आणि ही एकटी पोळीभाजीचा डबा उघडायची. घरी आलेल्या डब्यात पोळी तशीच घडी घातलेली असायची. त्या शाळेवर माझा राग नाही. एवढ्या मोठ्या वर्गात एका बाई किती जणांकडे बघणार? पण एका भल्या माणसाने आम्हाला सल्ला दिला, की घरी मराठी बंद करा, मुलीचा गोंधळ होतोय. आम्ही ते ऐकलं. नवरा-बायको मिळून मोडक्या जपानीत तिला 'जेवायला ये' म्हणायला लागलो. ती नुसती बघत राहायची.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. धोब्याच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या, सगळी मिळून चाळीसेक मुलं, शिकवण्याची भाषा इंग्रजी. तुम्ही तिला काहीच विचारलं नाहीत. मला विचारलंत, "ही भांडते कोणत्या भाषेत?" मी म्हटलं, मराठीत भांडायची. तुम्ही म्हणालात, "मग ती भाषा आजपासून घरी परत सुरू करा. बाकीचं मी बघते." सेन्सेई, त्या दिवशी स्टेशनपर्यंत मी रडत गेले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

तुमची स्वतःची गोष्ट मला फार उशिरा समजली. लहानपणी काही वर्षं परदेशात काढून तुम्ही जपानमध्ये परतलात, तेव्हा वर्गात कुणी हसू नये म्हणून इंग्रजीचा धडा मुद्दाम जपानी वळणाने वाचायचात. येत असलेली गोष्ट न येत असल्यासारखी करायची, तीही इतक्या लहान वयात. ही शाळा तुम्ही का काढलीत, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

लेक जानेवारी २०२० मध्ये तुमच्याकडे आली आणि फेब्रुवारीच्या शेवटी पंतप्रधानांनी देशभरातल्या शाळा बंद ठेवायला सांगितलं. तुमचीही बंद झाली. मला वाटलं, संपलं. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही मागे टोपली लावलेल्या सायकलवरून यायचात, वही टपालपेटीत टाकायचात आणि खाली रस्त्यावर उभ्या राहायचात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लेक गॅलरीच्या गजांतून खाली बघायची. पहिले दोन आठवडे तुम्हीच खालून एक पान वाचून दाखवायचात आणि हात हलवून निघून जायचात. तिसऱ्या शुक्रवारी पाऊस होता. तुम्ही पिवळ्या रेनकोटमध्ये वाचत होतात, मध्येच एक शब्द चुकलात, आणि वरून ही ओरडली, "नो! फ्रॉग!" तुम्ही मान वर केलीत, 'सॉरी' म्हणालात आणि पुढे वाचायला लागलात, जणू काही विशेष घडलंच नाही. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी होते. तुम्ही मुद्दाम चुकला होतात का, हे आजवर विचारलं नाही. विचारणारही नाही.

एका गोष्टीसाठी मला तुमची माफीही मागायची आहे. शाळा सुरू झाल्यावर तुम्ही रोज एक तास कोकुगोला, म्हणजे जपानी भाषेला, ठेवलात, तोही सरकारी शाळेच्याच पुस्तकातून, आणि आम्ही काही पालक तक्रार घेऊन आलो. फी भरतो ती इंग्रजीसाठी, मग पहिलीचे ८० कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, इथे कशाला? तुम्ही शांतपणे सांगितलंत, की सहावीपर्यंत १०२६ कांजी होतात, आणि ही मुलं दवाखान्यात, दुकानात, स्टेशनवर जपानीतच जगणार आहेत. त्यांना इंग्रजीच्या खोलीत कोंडून ठेवायला ही शाळा नाही. मला तेव्हा पटलं नव्हतं.

पटलं ते पुराच्या नकाशामुळे. एदोगावातली निम्म्याहून जास्त जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघरी वाटलेल्या नकाशावर 'इथे थांबायचं नाही' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. आमच्याकडे तो नकाशा फ्रिजवर चिकटवलेला होता, पण त्यातलं एकही अक्षर आम्हाला कळत नव्हतं. तुम्ही मुलांना गृहपाठ दिलात: नकाशा वाचा आणि घरच्या भाषेत घरच्यांना समजावून सांगा. त्या रात्री आमटी-भात बाजूला सारून लेकीने तो ताटांच्या मधोमध पसरला. बोट फिरवत म्हणाली, "आई, अराकावा नदी फुटली तर आपल्या मजल्यावर बसून चालणार नाही. पाणी पंधरवडाभरसुद्धा राहू शकतं. आधीच निघायचं." पंधरवडा हा शब्द ती आजीकडून शिकली होती. तिच्या बाबाने त्याच रात्री दाराशी पिशवी भरून ठेवली. ती अजून तिथेच आहे.

आणि शेवटी वॉर्ड ऑफिस. तुमची शाळा शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात, म्हणजे अधिकृत शाळांच्या यादीत, बसत नाही, त्यामुळे तिच्या दाखल्याला वजन नाही, आणि परदेशी मुलांना इथे सक्तीचं शिक्षणही लागू नाही. सरकारी माध्यमिक शाळेत जायचं तर आपणच अर्ज करायचा. हे सगळं तुम्ही आम्हाला पाचवीतच समजावून सांगितलंत, काही लपवलं नाहीत. फी देणारं मूल स्वतःहून दुसऱ्या शाळेत धाडायला कोण मदत करतं? तुम्ही केलीत. अर्ज द्यायला आमच्यासोबत आलात, फुरोशिकीत, म्हणजे चौकोनी कापडात, बांधून तिच्या पाच वर्षांच्या वह्या आणल्यात आणि एकेक काउंटरवर मांडल्यात. रोज तीन ओळी: एक इंग्रजीत, एक जपानीत, एक मराठीत. मराठी ओळ तुम्हाला वाचता यायची नाही, तरी प्रत्येक पानावर त्या ओळीखालीही तुमचं शाबासकीचं लाल फूल काढलेलं होतं. काउंटरवरच्या बाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या.

एप्रिल २०२५ मध्ये ती माध्यमिकला गेली. आता तिचं बोलणं थांबवावं लागतं. परवा नेपाळहून आलेल्या एका नव्या मुलीशेजारी डबा घेऊन बसली, असं सहज सांगत होती. मी भांडी घासत होते, वळून बघितलंसुद्धा नाही. तुमच्याकडून तेवढं शिकले.

गणपतीला नक्की या. मागच्या वेळी तुम्ही उकडीचा मोदक कडेने कुरतडत खाल्लात आणि सगळं सारण ताटात सांडलं. या वेळी लेक दाखवेल कसा खायचा ते.

आणि हो, तिचे शाळेत घालायचे जुने उवाबाकी बूट अजून तुमच्या दाराजवळच्या कप्प्यात आहेत, तिचं नाव लिहिलेले. ते परत पाठवू नका. आत आणखी जागा आहे, खाली दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहा.

तुमची,
निशिकासाईतली एक आई