निखिल, गुण तुझे तूच दे

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या मॅडमनी तुझ्या ध्येयांत 'चालणं' लिहून घेतलं, पण सुरुवात चमच्याने जेवण्यापासून करायची म्हणाल्या. तुझा आवाज फार पडला होता. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

'चालणं' त्यांनी खोडलं नाही, हे मला आवडलं. पण मानेच्या मणक्याला सहाव्या पातळीवर मार बसलाय. त्या एका आशेपायी बाकीचं सगळं तिष्ठत ठेवू नकोस. त्यांच्या कागदावर रोजची अडलेली कामं तुझ्या तोंडून येतात. किती महत्त्वाचं, आज किती जमतं, समाधान किती, याला एक ते दहा गुण तूच द्यायचे. कॅनडातली ही पद्धत १९९१ पासूनची आहे, आणि फेरतपासणीत दोन गुण वाढले तरी ती खरी प्रगती मानतात. तू सांगितलंस, पाहुण्यांसमोर आईने घास भरवायला नको, आणि सही स्वतःची हवी. हे काही लहान मागणं नाही रे.

मनगट वर उचललं की तुझी बोटं आपोआप मिटतात, खाली सोडलं की उघडतात. त्या पकडीवर पुढची कितीतरी कामं होणार आहेत. म्हणून मनगट वर असताना कुणालाही बोटं ताणून सरळ करू देऊ नकोस. बोटं मिटवणाऱ्या कंडरा सैल पडल्या की पकड जाते. मावशी भेटायला येतील, मायेने हात चोळतील, बोटं ओढतील. त्यांना तूच सांग, आईला वाईटपणा नको.

चमच्याचं ध्येय नेमकं ठरवून घे. तळव्याला पट्टा, पट्ट्यात चमचा, उभ्या कडेचं ताट, आणि वरणभात अर्धा तुझ्या हाताने. उरलेला आईने भरवला तरी चालेल. सगळी ताकद जेवणात संपली तर दुपारी फळीवरून चाकाच्या खुर्चीत सरकायचा सराव कोण करणार? कुठे दमायचं आणि कुठे मदत घ्यायची हे ठरवणं स्वावलंबनातच येतं, असं माझं ठाम मत आहे. भाकरी तोडणं त्या पकडीला जड जाईल. दुधात कुस्करून चमच्याने खा, तुला तशी लहानपणापासून आवडतेच.

आणि हो, फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा तुला माहीत आहे. त्याच कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईत, केईएममध्ये, ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इकडच्याच झाल्या. तुझ्या मॅडम ज्या विद्येने तुला शिकवताहेत, तिची आपल्याकडची सुरुवात त्यांची. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढच्या भेटीत मॅडम विचारतील तेव्हा आईकडे बघू नकोस, माझ्या मनात काय असेल याचाही विचार करू नकोस. लॅपटॉपवर पतसंस्थेचे हिशेब करायचे असतील तर ते सांग. नुसतं मित्रांबरोबर अंगणात बसायचं असेल तर तेही सांग. ठरवलेलं जमलं नाही तर ते बदलायचं, टाकून द्यायचं नाही. आमच्या समाधानासाठी एकही गुण वाढवून देऊ नकोस.

इकडचं काम मी धरलंय. पडवीची पायरी एक फूट उंच. एकास बाराच्या हिशेबाने बारा फूट उतार लागतो, तो तुळशीपाशी वळवून घेतोय. न्हाणीचा दरवाजा मात्र अरुंद आहे, चौकट काढावी लागेल. शनिवारी सुतार येतोय. त्याआधी खुर्चीची रुंदी, हात ढकलायला धरतो त्या बाहेरच्या कड्यांपासून, आईला मोजायला लाव आणि फोनवर सांग.

तुझे,
बाबा