बाई, तुम्ही सरळ विचारलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

यंदा दसऱ्यानंतर आई-आप्पा टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेले, तेव्हा ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत मी फाट्यावर थांबले, घरी आले आणि जेवले. जेवले, हे तुम्हाला सांगायचं होतं.

नववीत असं नव्हतं. मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ. आमच्या बीडकडे यात नवल ते काय! नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं त्या हिशेबात नसतातच. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच हिशेब चालायचा: मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल माझ्या शिक्षणापायी, मी नसते तर ती कधीच फिटली असती. सहामाहीत मार्क घसरले, तर जो तो म्हणाला, "अभ्यासात लक्ष घाल."

तुम्ही दर गुरुवारी शाळेत समुपदेशनाला यायचात. प्रयोगशाळेतल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून विचारलंत, "मरावंसं वाटतं का गं?" असं विचारलं की पोरांच्या डोक्यात भलतंच शिरतं, म्हणतात. माझ्या डोक्यातून ते पहिल्यांदा बाहेर पडलं. मग म्हणालात, हे गुपित ठेवता येणार नाही. पण कुणाला आणि कसं सांगायचं ते दोघी मिळून ठरवू. तेव्हा तुमचा रागच आला होता. आजी ऐकून काही बोलली नाही. रात्री तिनं अंथरूण माझ्याजवळ ओढलं.

वहीला दोन रकाने पाडून दिलेत. डावीकडे मनात आलेलं, उजवीकडे त्याला पुरावा काय. पुठ्ठ्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहिलात, रात्री-अपरात्रीसाठी. 'मी ओझं आहे' याच्यासमोरची जागा तीन आठवडे कोरी राहिली. "आईलाच विचार की," म्हणालात, आणि फोनसाठी रविवारी रात्री आठची वेळ तुम्हीच आप्पांशी बोलून ठरवलीत. तोवर माणसं उसाच्या फडातून कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, येतात.

आई हसलीच. "येडे, उचल तर तुझ्या जन्माआधीपासून घेतोय आम्ही!"

तेच वाक्य मी उजवीकडे लिहिलं. शुद्धलेखनासकट तुम्ही तपासलंत.

बाई, माझ्या आईची जागा तुम्ही घेतली नाहीत, तिचा आवाज मिळवून दिलात. त्याबद्दल मनापासून आभार.

मी आता बारावीत आहे. भाऊ नववीत. तुमचं येणं बंद झाल्यापासून शाळेत गुरुवारी कुणी नसतं, म्हणून त्याला मीच वही आणून दिलीय. अजून कोरी आहे. पण रविवारी आठ वाजले की फोन आधी तोच उचलतो.

तुमची विद्यार्थिनी